कौतिकाआत्याचं हिरवं बटण

आत्या,

गेल्या आठवड्यात, तू गेल्यावरच्या जलदान विधीला, धाड गावच्या तुझ्या घरापुढं मांडव होता. वंदना झाली, पंगत बसली, मी वरण वाढत होते. तुझी शेजारीण शांतामावशी पंगतीतूनच मोठ्यानं म्हणाली, "काय वं करुणा, कौतिकीचं आलं का पुस्तकात? साऱ्या गल्लीले सांगून गेली ते, माह्या कानाचं पुस्तक निघून राह्यलं म्हनून!"

पंगत हसली. चार दिवस रडून थकलेली माणसं होती, त्यांना हसायला बरं वाटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वरणाची बादली या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "हाव मावशी. आलं."

ते खरं नव्हतं. तुलाही फोनवर मी एकदा असंच खोटं सांगितलं होतं आणि तू त्यावर विश्वास ठेवून गेलीस. तुझ्या तोंडावर सांगायचं होतं ते आता लिहिते आहे. मला लिहायची फार सवय नाही. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अजूनही कागदावर चार ओळी उतरल्या की शेजारच्या मुलीच्या वहीत डोकावून बघावंसं वाटतं, आपलं बरोबर आहे ना म्हणून. इथे शेजारी कोणी नाही. चुकलं तर समजून घे.

दिवाळीच्या सुट्टीत मी वडनेरला घरी जायच्या आधी तुझ्याकडे उतरले होते. बॅगेत कॉलेजचा लॅपटॉप होता. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता: कानावर पडलेला शब्द माणसाला ओळखू कसा येतो, आणि त्या शब्दातल्या आवाजांची ठेवण त्याला मदत करते की अडवते. तुला मी सोपं करून सांगितलं. "आत्या, कानात एकेक शब्द वाजेल. आपल्या भाषेतला खरा शब्द असला की हिरवं बटण दाबायचं. मी बनवलेला खोटा असला की लाल."

"अन् हिरवं-लाल बटन कुठं हाय याच्यात? सारेच तं काये हायत."

खरंच होतं, सगळी बटणं काळी. मग तू उठलीस. आरशाच्या काचेवर चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांतली एक हिरवी आणि एक लाल आणलीस आणि दोन बटणांवर अंगठ्यानं दाबून बसवलीस. "आता मांड तुहा खेय," म्हणालीस. हेडफोन तुझ्या अंबाड्यावर अडत होता, तर अंबाडा सोडलास. माझ्या प्रकल्पातलं पहिलं माणूस तू होतीस.

पहिला शब्द वाजला आणि तू हेडफोन काढून माझ्याकडे बघितलंस. "हे कोन बाई बोलून राह्यली?"

"मीच आहे आत्या. माझाच आवाज आहे."

"तू? तू कुठं अशी बोलते?"

मी हसण्यावारी नेलं. पण ते मला लागलं होतं. पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "मले वाटते" म्हणाले होते, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी तेच तशाच सुरात म्हटलं होतं. त्यानंतर मी शिकले. डोळ्याला डोळा आणि केळीला केळी म्हणायला शिकले. तुझ्या तोंडी अजून डोया होता, केयी होती. लग्न होऊन वडनेरहून धाडला आलीस तेव्हा सासरच्या बायका तुझ्या बोलण्याची नक्कल करायच्या, हे तूच मला सांगितलं होतंस. तू बदलली नाहीस. मी मात्र एका आठवड्यात बदलले.

असो. खेळ सुरू झाला. भाकर, कुऱ्हाड, पाखरू: तू पटापट हिरवं दाबत होतीस, तबल्यावर थाप मारावी तसं. मग माझा पहिला बनवलेला शब्द वाजला. पसुडी.

तू थांबलीस. ओठ हलले. पुटपुटून बघितलंस आणि हिरवं दाबलंस.

"आत्या, पसुडी म्हणजे काय?"

"असंल एखांदी भाजी. नालीच्या काठानं येत असंल."

पुढचा शब्द होता लोंबुरा. पुन्हा थोडा वेळ, पुन्हा हिरवं. "लोंबते काहीतरी. गायीच्या गयातलं असंल." मग धिबळी. त्यावर तर तू मलाच दुरुस्त केलंस. "धिबयी म्हन ना वं, धिबळी काय!"

मी कपाळाला हात लावला. "अगं, हे शब्द नाहीतच. मी होस्टेलच्या खोलीत बसून बनवलेत."

"तू बनवले म्हनून काय झालं? कोनी ना कोनी बनवलेच असतील ना सारे?"

"पण तुला माहीत नाहीत ना? मग लाल दाबायचं."

तेव्हा तू हेडफोन गळ्यात सोडलास आणि माझ्याकडे नीट वळून बसलीस. ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. "मले मालूम नाही, म्हनून ते नाहीच, असं कसं म्हनू मी? मी इथी आली तवा इथल्या अर्ध्या गोष्टीचे नावं मले मालूम नव्हते. त्या काय नव्हत्या? अन् माहे शब्द इथल्या लोकायले मालूम नव्हते. मी नव्हती?"

मी म्हणाले, "आत्या, हा नियम आहे. असंच करायचं असतं."

"असंल. पन कोन्या गावचं असंल ते गरीब. त्याले एकदम भाईर काऊन काढू?"

शब्दाला तू गरीब म्हणालीस. मी चिडले होते. अजून वीस जणांचं घ्यायचं होतं, सुट्टी संपत आली होती. म्हणून मला हसूही आलं नाही. आता येतं.

काही शब्द मात्र असे होते की तिथे तू क्षणभरही थांबली नाहीस. णकूर वाजला आणि लाल टिकली अशी दाबलीस की लॅपटॉप हलला. ळपट वाजला, लाल. "हे काय मानसाचं बोलनं हाय का? उचकी लागली व्हती का तुले?" आणि पोट धरून हसलीस.

तू शाळेत गेली नाहीस, म्हणून तुला एक गंमत सांगायची राहिली. पहिलीच्या अक्षरांच्या तक्त्यात प्रत्येक अक्षराचं चित्र त्या अक्षरानं सुरू होतं. क कमळाचा, ब बदकाचा. ण आणि ळ यांच्याजवळ आलं की तक्ता अडतो. तिथे ण बाणाचा, ळ बाळाचा. कारण आपल्या भाषेत ण किंवा ळ नं शब्दच सुरू होत नाही. मास्तर हे सांगत नाहीत, आई सांगत नाही. तरी ते प्रत्येकाच्या कानात असतं. कुठला आवाज कुठे बसू शकतो, कुठे नाही, याचा एक आडाखा माणूस लहानपणीच बांधतो आणि पुढे जन्मभर त्याच आडाख्यानं ऐकतो. मी हे वर्गात एम.ए.ला शिकले. तुझ्या कानात ते कधीचंच होतं.

तसा तुझा कान मला पहिल्यांदा तिथे दिसला असं नाही. माझं नाव तुझ्याच कानानं ठेवलेलं. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मला वाटतं, मी पाळण्यातून बघत होते. सुमेधदादा तीन वर्षांचा. बाबांनी ठरवून टाकलं होतं, भाऊ सुमेध तर बहीण सुमेधा. अंगणवाडीच्या ताईंना सांगूनही आले होते. तू बारशाच्या आदल्या दिवशी धाडहून आलीस, ऐकलंस आणि म्हणालीस, "हे नाव चालत नाही."

बाबा म्हणाले, "काऊन वं अक्का? चांगलं जोडीचं हाय."

"तेच तं. जोडीचं हाय म्हनूनच चालत नाही. चाल शेतात."

तू बाबांना आपल्या तुकड्याच्या पार पलीकडच्या बांधावर उभं केलंस. अलीकडे तू नि आई, तुझ्या पायाशी मातीत खेळणारा दादा. तू तोंडाजवळ हात धरून हाक मारलीस, "सुमेधाऽऽ!" आणि खालून दादा म्हणाला, "काय?"

"पाह्य," तू आईला म्हणालीस. "'सुमे' म्हनलं का हा उठला. एकीले हाक मारशीन तं दोघं येतीन, नाही तं दोघंही म्हनतीन मले नाही, त्याले बोलावलं." मग तू निरनिराळी नावं ओरडलीस. ज्या नावाला दादानं मान वर केली नाही आणि नीट ऐकू आलं म्हणून पलीकडून बाबांनी हात वर केला, ते नाव करुणा. "क कसा खडा मारल्यावानी लागते," असं तू म्हणाली होतीस म्हणे.

बाबा तरी ऐकेनात. दुसऱ्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं, तू आत्या म्हणून पाळण्यात वाकलीस, माझ्या कानाशी तोंड नेलंस, कुर्र केलंस, बायकांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले. उभी राहून तू बाबांना म्हणालीस, "आता काही उपेग नाही बापू. तिच्या कानात गेलं करुणा. आता काढ भाईर."

प्रकल्पाच्या मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, शब्दाचा पहिला आवाज कानावर पडला की त्या आवाजानं सुरू होणारे सगळे शब्द मनात उभे राहतात. आवाज पुढे सरकेल तसे एकेक गळत जातात आणि शेवटी एकच उरतो. ज्याच्यासारखे वाजणारे सोबती जास्त, तो शब्द ओळखायला उशीर. सगळी मुलं लिहून घेत होती. मी पेन खाली ठेवून बसले होते. मला पलीकडच्या बांधावर उभे असलेले बाबा दिसत होते. मी वहीच्या समासात लिहिलं, "एकीले हाक मारशीन तं दोघं येतीन." ते पान अजून आहे. तुला दाखवायचं राहिलं.

तर आता ते, जे सांगायला मी बसले आहे.

पुण्यात परत येऊन मी सगळ्यांची उत्तरं संगणकावर तक्त्यात मांडली, एकेकाची एकेक ओळ. नियम असा असतो की बनवलेल्या शब्दांना जो बहुतेक ठिकाणी 'आहे' म्हणतो, त्याची उत्तरं हिशेबात धरायची नाहीत, कारण तो ऐकून दाबतो की उगाच दाबतो हे कळायला मार्ग नसतो. तुझी ओळ मी राखाडी केली, म्हणजे वगळली. ते करावंच लागलं असतं, त्याचं मला तेवढं वाटत नाही. पण ओळीच्या शेवटी एक रकाना असतो, वगळण्याचं कारण. त्यात मी लिहिलं: 'सूचना समजल्या नाहीत.'

आधीच्या रकान्यात शिक्षण होतं. तिथे मी 'नाही' लिहिलं होतं. त्या 'नाही'च्या पुढे 'समजल्या नाहीत' इतकं सहज बसलं की मला थांबावंसंसुद्धा वाटलं नाही.

तुझा फोन आला. "काय वं, माह्या कानाचं काय झालं?"

"चांगलं आलं आत्या."

"येनार ना मंग पुस्तकात?"

"हो, येणार."

"हो काय म्हनते, हाव म्हन," तू म्हणालीस आणि हसलीस. आणि मग मला लांबून ऐकू आलं, तू कोणाला तरी सांगत होतीस, "शांते, आलं वं!"

नंतर दोनदा मी तुला सांगायला निघाले. एकदा तू बाजाराच्या घाईत होतीस. दुसऱ्यांदा तुझ्या आवाजात दम नव्हता. थंडी बाधली म्हणालीस, आणि मी म्हटलं, नंतर सांगू. नंतर दादाचाच फोन आला. मी भोकरदनवरून जीपनं पोचले तोवर लोक स्मशानातून परतत होते.

जलदानाहून मी पुण्याला आले ती शांतामावशीला दिलेलं 'हाव' घेऊनच. दुपारी लॅपटॉप उघडला. टिकल्या तशाच होत्या. हिरवीचा कडेचा रंग गेलाय. लाल अजून नव्यासारखी आहे.

मी तुझी राखाडी ओळ उघडली. आजवर मी फक्त बरोबर-चूक बघितलं होतं. बटण दाबायला किती वेळ लागला हेही संगणक लिहून ठेवतो. ते तुझं मी कधी बघितलंच नव्हतं, ओळ वगळली म्हणून. आता एकेक शब्द लावून बघितला. भाकरीला तुला फारसा वेळ लागला नाही. डोळा, केळी यांना किंचित जास्त. तो तुझा दोष नव्हता. मी तुझा डोया माझ्या पुणेरी तोंडानं म्हटला होता. णकूर, ळपट यांना सगळ्यांत कमी. आणि पसुडीला, लोंबुऱ्याला, धिबळीला खूप. भाकरीपेक्षा कितीतरी जास्त. तू उगाच दाबत नव्हतीस, आत्या. तू मनातली सगळी घरं फिरून येत होतीस. कुठे पसुडी राहते का, कोणाच्या ओळखीची आहे का. सापडली नाही, हे तुला कळत होतं. आणि ते कळल्यावरही, विचार करून, तू हिरवं दाबत होतीस.

मी ती ओळ कागदावर छापून घेतली. मग मॅडमना भेटायला गेले. काही लपवलं नाही. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी तुझी ओळ दोनदा वाचली.

"हिशेबात यांना घेता येणार नाही, करुणा. नियम सगळ्यांना सारखा."

"हो मॅडम."

"पण त्यांच्या वेळांवर वेगळं टिपण लिही. तू मला जे आत्ता सांगितलंस, तेच लिही. आणि हे कारण..." त्यांनी त्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे खरं आहे का?"

"नाही."

"मग जे खरं आहे ते लिही."

मी विचारलं, नाव देता येईल का. त्या म्हणाल्या, नाही. कोणाचंच देत नाहीत. प्रकल्पात तू 'सहभागी १' आहेस. माहेरच्या साऱ्या पोरांच्या कानात नावं सांगितलीस आणि तुझंच नाव येणार नाही. इथे तसा नियम नाही, म्हणून इथे लिहिते: कौतिका. हे नाव बांधावरून कसं ऐकू येतं, कोणी बघितलं असेल का?

मी त्या रकान्यातलं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. पानभर टिपणाला मला एक दिवस लागला. त्या एका ओळीला दोन.

सुमेधदादाकडे उन्हाळ्यात बाळ येणार आहे, ते तुला माहीत होतं. वहिनी आत्ताच म्हणतात, मुलगी झाली तर अरुणा ठेवू, करुणाच्या जोडीला. मी अजून काही बोलले नाही. पण दादाला सांगून ठेवलंय, बारशाच्या आधी एकदा शेतात जायचं आहे. आणि पाळण्यात वाकेन तेव्हा कुठल्या आवाजात बोलेन, हेही मी ठरवलंय. तू हेडफोन काढून 'हे कोन बाई' असं म्हणणार नाहीस, अशा.

काल शांतामावशीला फोन केला. म्हणाले, "मावशी, मी पंगतीत खोटं बोलले. आत्याचं आलं नव्हतं. मीच काढून टाकलं होतं. आता येणार आहे, एक पान. पण नाव नाही येत. कोणाचंच नाही."

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाव नाही, तं समजंन कसं का ते कौतिकीच होय?"

मी म्हणाले, "थांब, तिच्यापुढं काय लिहिलंय ते वाचून दाखवते." आणि मी तो रकाना वाचला:

"सूचना समजल्या. पटल्या नाहीत."

 मग मावशी हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

"हाव," ती म्हणाली. "तेच होय ते."